मुळाआधीची थंडी

ऑगस्ट सरत आला की तासगाव, पलूस, निफाड, दिंडोरी या पट्ट्यांत कलम भरणाऱ्यांच्या टोळ्या बागेबागेत फिरू लागतात. वर्षाच्या सुरुवातीला लावलेला डॉगरिजचा खुंट तोवर पेन्सिलीएवढा जाड झालेला असतो. हवेत ओल असते, ऊन जाळणारे नसते आणि जातिवंत बागेतली काडी हिरवी सोडून तपकिरी झालेली असते. खुंट जमिनीपासून हात-दीड हातावर छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हव्या त्या जातीची, दोन डोळ्यांची काडी, म्हणजे सायन, दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि पट्टीने आवळायचे. सराईत हात हे बघता बघता उरकतो. बांधावर सावलीत ओल्या बारदानात गुंडाळलेला काड्यांचा भारा पडलेला असतो आणि टोळीतल्या जाणत्याचे लक्ष कलमांइतकेच त्या भाऱ्याकडे असते. बारदान सुकले की पाणी मारायचे, ऊन सरकले की भारा सरकवायचा. सकाळी कापलेली काडी शक्यतो त्याच दिवशी खुंटावर चढली पाहिजे, फार तर दुसऱ्या दिवशी.

आपल्या द्राक्षशेतीत काडीचे आयुष्य असे तासांत मोजले जाते. इटलीच्या ईशान्येला, फ्रिउली प्रांतातल्या राउशेदो गावात हाच हिशोब महिन्यांत चालतो. तिथे कडक हिवाळ्यात कापलेली काडी शीतगृहात एक-दोन अंशांवर पडून राहते, सवडीने यंत्रावर कलम होते आणि वसंत सरताना रोपवाटिकेच्या जमिनीत जाते. मधल्या काळात तिला मूळ नसते, पान नसते, तरी ती जिवंत असते. तोडलेली फांदी इतके दिवस जिवंत राहते कशी, आणि आपली का राहत नाही, हे समजून घेतले तर बागायतदाराच्या हाताला बरेच काही लागेल असे मला वाटते. त्यासाठी हा सगळा प्रपंच.

काडी वेलीपासून तुटली तरी तिचा श्वास थांबत नाही. सालीखालची हिरवी पेशी, डोळ्यातला इवलासा कोंब, गाभ्यातले साठे हे सगळे चालू असते. पान नाही म्हणजे नवे अन्न नाही. हंगामभर पानांनी बनवून काडीत भरलेले पिष्ट आणि साखर एवढीच शिदोरी. श्वसनात ती हळूहळू जळते, हा काडीचा पहिला शत्रू. वनस्पतींच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरले की श्वसनाचा वेग निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येतो. म्हणजे ३० अंशांवरच्या बांधावरून काडी २ अंशांच्या खोलीत नेली, तर तिचा खर्च सात पटींपासून वीस पटींपर्यंत खाली येऊ शकतो. हे साठे पुढे दोन कामांना लागतात. कापाच्या तोंडाशी घट्टा धरण्यासाठी, ज्याला रोपवाटिकेत सगळे ‘कॅलस’च म्हणतात, आणि मग मूळ काढण्यासाठी. साठा आधीच संपलेली काडी वरून ठणठणीत दिसते, डोळाही फोडते आणि दोन पाने दाखवून मरते. रोपवाटिकेत असल्या काड्यांनी पुष्कळांची फसगत केली आहे.

दुसरा शत्रू कोरडेपणा. मूळ नसल्यामुळे गेलेले पाणी भरून येत नाही. इथेही थंडी मदतीला येते, आणि ती कशी हे आकड्यांत पाहण्याजोगे आहे. ३० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावू शकते. २ अंशांची हवा साडेपाच ग्रॅमच्या आसपास. आर्द्रता टक्क्यांत सारखी असली तरी गार हवेची तहान पाचपटींनी कमी. तरीही शीतगृहाची हवा काडीला कोरडीच पडते, कारण गार नळ्यांवर बाष्पाचे सतत थेंब किंवा बर्फ होत राहते. म्हणून काडी उघडी ठेवत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा ओलसर भुसा, पीट असल्या माध्यमात गुंडाळतात आणि आतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास राखतात.

‘ओलसर’ म्हणजे किती, यावर सगळी मेख आहे. माध्यम मुठीत दाबले तर बोटांना ओल कळावी, पण पाणी टपकता कामा नये. पिशवीत पाणी साचले की तिसरा शत्रू येतो: बुरशी. बोट्रायटिस ही करडी बुरशी शून्याच्या आसपासही वाढत राहते. थंडीने तिचा वेग मंदावतो एवढेच. त्यामुळे काडी आधी बुरशीनाशकात बुडवून, वरचे पाणी निथळून मगच पिशवीत जाते. आपल्याकडे कलमाच्या काडीला कार्बेन्डाझिमचे द्रावण देतात, ते याच कारणासाठी. साठवण संपल्यावर काडी तपासायची रीतही जुनी आणि साधी आहे. नखाने साल खरवडली की खाली ओलसर हिरवा थर दिसला पाहिजे. ताजा काप घेऊन सुरीच्या बोथट बाजूने दाबले की पाण्याचे बारीक थेंब फुटले पाहिजेत. काप कोरडा आणि आतला रंग तपकिरी असेल तर त्या जुडीवर मेहनत करण्यात अर्थ नाही.

पण थंडीचा खरा उपयोग काडी तुटण्याच्याही आधीचा आहे. ज्या मुलखात हिवाळ्यात वेलीची पाने झडतात, तिथे वेल शरद ऋतूपासूनच तयारीला लागते. दिवस लहान होतात, रात्री गारठतात, काडी पक्व होते, डोळ्यातली वाढ आतूनच थांबते. पिष्टाचा बराचसा भाग विरघळणाऱ्या साखरेत बदलतो आणि ही साखर पेशीला गोठण्यापासून सांभाळते. ही सुप्तावस्था. या अवस्थेत कापलेली काडी शीतगृहात ठेवणे म्हणजे झोपलेल्या मुलाला उचलून आतल्या खोलीत निजवणे. झोप आधीच लागलेली असते, आपण ती मोडू द्यायची नसते इतकेच. शिवाय त्या खोलीत आणखी एक काम होऊन जाते. सुप्त डोळ्याला फुटण्यापूर्वी काहीशे तास गारवा मिळावा लागतो. शीतगृहातल्या काडीचा तो कोटा पुरा होतो आणि बाहेर काढल्यावर जुडीतले सगळे डोळे जवळजवळ एकदम फुटतात.

महाराष्ट्रातली वेल झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, अशा दोन छाटण्यांवर आपण तिला वर्षभर जागी ठेवतो. थंडी आपल्याकडे पडत नाही असे नव्हे. निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतातच. मात्र ही थंडी येते तेव्हा वेलीवर घड असतात, पाने असतात, मण्यात पाणी भरत असते. त्या गारठ्यात बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतो, मणी तडकतील म्हणून रात्र जागून काढतो. झोपण्याचा ऋतू आपल्या वेलीच्या वाट्याला भर कामाच्या वेळी येतो. आणि फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग करावे लागते. युरोपात जे हिवाळा फुकट करतो, ते इथे हातमोजे घालून, मजुरांना जपत, एका जहाल रसायनाकडून करून घ्यावे लागते.

तेव्हा आपली काडी पक्व असते, पण झोपलेली नसते. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवली तर तिचा श्वास मंदावेल, पाणी टिकेल. मात्र झोपेत साठलेली साखर आणि झोपेचा चिवटपणा तिच्याकडे नाही. असली काडी महिनोन्‌महिने टिकेल अशी अपेक्षा धरू नये. आठवडे मोजूनच बोलावे. तरी एका दिवसाच्या जागी दोन-तीन आठवडे मिळाले, तर त्याचा अर्थ काय होतो हे ज्याची कलमे ऐन वेळी पावसात अडकली आहेत त्याला सांगायला नको.

यंत्राने थंडी बनवता येऊ लागली त्याच्या कितीतरी आधीपासून माणूस काड्या साठवत आला आहे. थंड देशांतली जुनी रीत अशी: हिवाळ्यात काड्या कापायच्या, बुडाकडचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्यायचा आणि शेंड्याकडचा तिरका, म्हणजे पुढे कुठला शेंडा आणि कुठले बूड याचा घोळ होत नाही. त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि उत्तरेकडच्या सावलीत वाळूच्या खड्ड्यात पुरायच्या. अनेक ठिकाणी या जुड्या उलट्या पुरत, शेंडा खाली, बूड वर, आणि बुडावर चार बोटे वाळू. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण हिवाळा सरताना ऊन वाळूचा वरचा थर आधी तापवते आणि खोलवर गारवा तसाच राहतो. बूड वर असल्याने त्याला ऊब मिळून कॅलस धरतो आणि शेंड्याचे डोळे खालच्या गारव्यात निजलेले राहतात. मूळ फुटण्याच्या आधी डोळा फुटला तर पान पाणी मागते आणि ते द्यायला खाली कोणी नसते. काडी लावणाऱ्याचा हा सनातन पेच त्या शेतकऱ्यांनी खड्ड्यात वाळू भरून सोडवला होता.

उलटी पुरली तरी काडी बुडाकडूनच मूळ काढते, हेही त्यांना ठाऊक होते. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फ्योख्टिंग यांनी १८७८ मध्ये विलोच्या फांद्यांवरचे प्रयोग मांडून हा गुण शास्त्रात आणला. फांदी उलटी टांगा, आडवी ठेवा, मुळाचे टोक आणि कोंबाचे टोक ती विसरत नाही. पुढे १९२० च्या दशकात उट्रेख्ट इथे फ्रिट्स व्हेंट यांनी ऑक्झिनचा छडा लावला. शेंड्याकडून बुडाकडे वाहत जाऊन तिथे साठणारे हे द्रव्य मूळ फुटण्याला चालना देते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत इंडोल ब्युटिरिक ॲसिडचा मुळांवरचा परिणाम दाखवला गेला. आज आपल्या रोपवाटिकेत डॉगरिजच्या काडीचे बूड दीड-दोन हजार पीपीएम ‘आयबीए’मध्ये क्षणभर बुडवून मग पिशवीत खोचतात, त्याचा उगम तिथे आहे.

डॉगरिज हे नाव आपल्या शिवारात इतके रुळले आहे, की ते एका गावकुसाचे नाव असेल हे कोणाच्या मनात येत नाही. टेक्सासमध्ये बेल काउंटी आहे आणि तिथे डॉग रिज नावाची जागा आहे. त्या परिसरातल्या रानवेलींमधून निवडलेला हा खुंट, शास्त्रीय नाव व्हायटिस चॅम्पिनी. निवड करणारा माणूस थॉमस व्होल्नी मन्सन. जन्म इलिनॉयमधला, १८४३ चा. १८७६ पासून मुक्काम टेक्सासच्या डेनिसन गावी. घोड्यावरून आणि रेल्वेने हजारो मैल हिंडून त्याने अमेरिकेच्या रानद्राक्षांचा अभ्यास केला आणि १९०९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

त्याच्या काड्यांची जगाला गरज पडली ती एका किडीमुळे. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या काठच्या बागा कारण कळत नसताना वाळू लागल्या. १८६८ मध्ये माँपेलिएचे ज्यूल एमिल प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांवरची पिवळसर बारीक कीड शोधून काढली. तिचे नाव फिलॉक्सेरा. अमेरिकेहून हौसेने आणलेल्या जिवंत वेलींबरोबर ती आली होती. शिडाच्या जहाजांच्या काळात प्रवास लांबायचा आणि कीड वाटेतच मरायची. वाफेच्या बोटींनी प्रवास आखूड केला आणि ती जिवंत उतरली, असे अभ्यासक सांगतात. १८७५ मध्ये फ्रान्सने सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन केली होती. १८८९ मध्ये ती २ कोटी ३० लाखांच्या आसपास उतरली. गावेच्या गावे बसली.

इलाजही अमेरिकेतूनच आला. तिथल्या रानवेलींची मुळे या किडीला दाद देत नव्हती, तेव्हा त्यांच्या खुंटावर फ्रेंच जातींची कलमे बांधायचे ठरले. पण कोन्याक भागाच्या चुनखडी जमिनीत पहिले अमेरिकी खुंट पिवळे पडू लागले. १८८७ मध्ये फ्रेंच सरकारने पिएर व्हियाला यांना अमेरिकेत पाठवले. मन्सनने त्यांना टेक्सासच्या चुनखडी टेकड्यांवर वाढणाऱ्या वेली दाखवल्या. त्यात बर्लांदिएरी होती, चुन्याला पुरून उरणारी. सुप्त काड्यांचे भारे अटलांटिकपलीकडे निघाले. १८८८ मध्ये फ्रान्सने मन्सनचा सन्मान केला. डेनिसन आणि कोन्याक ही आज भगिनी-शहरे आहेत.

या कथेत एक अडचण होती आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. बर्लांदिएरीची काडी मूळच धरत नव्हती. समुद्र ओलांडून जिवंत पोहोचायची, डोळा फोडायची आणि वाळायची. गारव्यात काडी जिवंत ठेवता येते, पण जी ताकद तिच्या रक्तात नाही ती थंडी देऊ शकत नाही. शेवटी सहज मुळावणाऱ्या रिपारिया आणि रुपेस्ट्रिस या वेलींशी तिचा संकर करावा लागला. त्यातून जे खुंट निघाले, त्यातला ११० रिश्टर, म्हणजे आपला ११०-आर, आज डॉगरिजच्या शेजारी सांगली-नाशिकच्या बागांत उभा आहे. फिलॉक्सेराचे संकट आपल्यावर नाही. आपण हे खुंट घेतले ते १९९० च्या दशकापासून, पाण्याचा तुटवडा आणि खारवट जमिनी यांनी बागा बसू लागल्या तेव्हा. फ्रान्सच्या किडीसाठी ज्या काड्यांचा शोध घेतला गेला, त्यांच्या भाऊबंदांनी आपल्या दुष्काळी तालुक्यांना हात दिला.

त्याआधीचाही एक प्रवास सांगितला पाहिजे. जेम्स बझ्बी नावाच्या स्कॉटिश माणसाने १८३१ मध्ये फ्रान्स आणि स्पेन पालथे घालून पाचशेहून अधिक प्रकारच्या द्राक्षांच्या काड्या जमवल्या आणि ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. बर्फ नाही, यंत्र नाही, आणि मधे विषुववृत्ताचा उकाडा. तरी साडेतीनशेहून अधिक प्रकार सिडनीत जगले. ऑस्ट्रेलियाच्या वाइन उद्योगाची मुळे बऱ्याच अंशी त्या पेट्यांत होती. झोपलेली काडी किती चिवट असते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

राउशेदोकडे परत येतो, कारण त्या गावाची गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. तिथल्या रोपवाटिकाधारकांनी १९३३ मध्ये सहकारी संस्था काढली आणि आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष-रोपवाटिकांपैकी एक आहे. सभासदांच्या शेतात मातृवेली, कलमे आणि रोपे. साठवण, प्रतवारी आणि विक्री संस्थेची. कोट्यवधी कलमांचे हे काम हिवाळ्याच्या चार महिन्यांत बसत नाही. शीतगृह असल्यामुळेच ते पार पडते. काड्या जानेवारीच्या आगेमागे कापल्या जातात, ठरावीक लांबीच्या करून जुड्या बांधतात, पाण्यात भिजवून त्यांची तूट भरून काढतात, औषधात बुडवतात आणि थंड खोलीत लावतात. पुढे रोज लागतील तेवढ्याच बाहेर येतात. यंत्र खुंटकाडी आणि सायन यांना ओमेगा अक्षराच्या आकाराची खाच पाडून एकमेकांत बसवते, सांधा मेणात बुडतो आणि कलमे २६ ते २९ अंशांच्या दमट खोलीत दोन-तीन आठवडे कॅलस धरतात. थंडीतून ऊब, उबेतून पुन्हा गारवा आणि मग जमीन. प्रत्येक पायरीवर काडी कधी जागी व्हावी हे माणूस ठरवतो.

फुलांच्या व्यापारात हीच विद्या वेगळ्या चालीने चालते. युरोपच्या हरितगृहांना लागणारे शेवंती, पेलार्गोनियम, पिटुनिया यांचे मूळ न फुटलेले कोवळे शेंडे केनिया, इथिओपिया, युगांडा इथल्या शेतांवर खुडले जातात. पिशव्यांत भरून, गार करून, विमानाने दोन-तीन दिवसांत उत्तरेला पोहोचतात. या शेंड्यांना पाने असतात, झोप नसते, आणि जातीगणिक स्वभाव निराळा. कार्नेशनचा शेंडा शून्य अंशाजवळ काही महिने राहू शकतो. शेवंती काही आठवडे. पेलार्गोनियमला अंधारात आणि इथिलीन वायूत पाने पिवळी पाडायला काही दिवस पुरतात. पॉइन्सेटियासारखे उष्ण मुलखातले झाड दहा अंशांखाली नेले तर थंडीनेच भाजते. सगळ्यांना एकच कपाट चालत नाही. जास्वंद, क्रोटन, मनीप्लांट यांची फांदी फ्रिजमध्ये ठेवून काळी पडली तर चूक फ्रिजची नाही.

आता या विद्येची काळी बाजू. थंडी काडीला टिकवते तशी काडीतल्या रोगालाही टिकवते. विषाणू, जिवाणू, फायटोप्लाझ्मा यांना शीतगृहात काही होत नाही. काडीबरोबर ते निमूट प्रवास करतात. एप्रिल २०२० मध्ये ग्वाटेमालाहून अमेरिकेत आलेल्या जिरेनियमच्या शेंड्यांतून राल्स्टोनिया या जिवाणूची घातक जात सापडली आणि देशभरच्या हरितगृहांत झाडे नष्ट करावी लागली. डाळिंबाच्या तेल्या रोगाने महाराष्ट्राच्या बागांचे काय केले, हे सोलापूर-सांगोल्यापासून मालेगाव-सटाण्यापर्यंत कोणालाही विचारा. रोगट झाडांची कलमे गावोगाव गेली, हे त्या पसरण्याचे एक मोठे कारण होते. म्हणून युरोपात द्राक्षाची सुप्त काडी ५० अंशांच्या पाण्यात ४५ मिनिटे ठेवतात. त्याने फ्लावसाँस दोरे या रोगाचा फायटोप्लाझ्मा मरतो आणि झोपलेली काडी वाचते. जागी, हिरवट काडी हा चटका सोसत नाही. पुन्हा सगळे झोपेवर येऊन थांबते. मूळ नसलेली काडी सोवळी मानण्याचे कारणही इथेच आहे: तिच्याबरोबर माती येत नाही, मुळांवरची कीड येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्सने मुळांसह वेली आणल्या आणि किंमत मोजली. आपला २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश परदेशी लागवड-साहित्याला तपासणी आणि आल्यानंतरची देखरेख लावतो, ती त्याच अनुभवातून. बागायतदाराला हा नियम जाचक वाटतो हे मी जाणतो. तरी नवी, रंगीत, बिनबियांची जात सामानात लपवून आणण्याचा मोह ज्याला होतो, त्याने तेल्याची आठवण ठेवावी.

घरच्या घरी हे करून बघणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण ते सोपे आहे आणि त्यात आनंद आहे. अंजीर, तुती, द्राक्ष, गुलाब यांची पक्की, वर्षाच्या आतली काडी घ्या, पेन्सिलीच्या जाडीची. पाने देठ ठेवून कापा. धुऊन सावलीत वरचे पाणी सुकू द्या. दोन्ही टोके वितळलेल्या मेणबत्तीच्या मेणात टेकवली तर पाणी कमी जाते. लावताना बुडाचा मेणाचा भाग कापून टाकायचा. काडी घट्ट पिळलेल्या ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घाला, हवा काढून बंद करा, जात आणि तारीख लिहा आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. सफरचंद, केळी, पिकलेले आंबे त्या कप्प्यात नकोत. त्यांचा इथिलीन वायू डोळ्यांना आणि देठांना सोसत नाही. दर आठवड्याला पिशवी उघडून पाहा. पांढरी बुरशी दिसली तर काडी पुसून नवा कागद घाला, कागद कडकडीत झाला असेल तर दोन थेंब पाणी पुरते. डीप फ्रीझर काडीला मारतो, तिकडे नेऊ नका. पुरंदरच्या अंजिराची काडी मुंबई-पुण्याच्या गच्चीपर्यंत अशी सुखरूप पोहोचते.

बागांच्या पातळीवर मात्र आपण अजून बारदानावरच आहोत. आणि नवल वाटते ते याचे, की थंडीची विद्या आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. तासगाव-सांगलीची शीतगृहे बेदाण्याने भरलेली असतात. नाशिक जिल्ह्यातल्या निर्यात पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंगच्या खोल्या आहेत, शून्य अंशाच्या आसपास द्राक्षपेट्या सांभाळणारी माणसे आहेत, तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवण्याची सवय आहे. द्राक्षाचा निर्यात हंगाम जानेवारी ते एप्रिल. कलमांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे काडीला गारवा हवा असतो, त्या महिन्यांत द्राक्षासाठी बांधलेल्या कित्येक खोल्यांत द्राक्ष नसते. फळ टिकवायला आपण शिकलो; ज्या काडीतून ते फळ आले तिला सावलीच्या भरवशावर सोडले.

या खोल्यांत काडी तशीच नेऊन टाकावी असे मी म्हणत नाही. निर्यातीच्या पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद असतात, त्याचा अंश राहिलेली खोली आधी मोकळी आणि स्वच्छ करावी लागेल. सफरचंद शेजारी नको. तापमान दोन ते चार अंश. काडी सकाळच्या गारव्यात कापलेली, आणि मातृवेल फळ देताना पाहून खूण केलेली; नुसती पानांच्या तजेल्यावर निवडलेली नव्हे. जुडीला चिठ्ठी: जात, बाग, मातृवेलीचा क्रमांक, कापल्याची तारीख. दर आठवड्याला चार काड्या काढून लावून बघायच्या आणि किती जगल्या ते लिहायचे, म्हणजे थॉमसन किती दिवस टिकते आणि शरद सीडलेस किती, हे आपल्या हवेतले, आपल्या जागत्या काडीचे उत्तर दोन-तीन हंगामांत हाती येईल. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून जवळच आहे, बागायतदार संघाच्या गावोगावच्या बैठका आहेत. हे काम कोणा एकट्याच्या खिशातून व्हायचे नाही.

आणखी एक गरज आहे, तिच्यात पैसा नाही म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, हबशी ही एकेकाळी नाशिक आणि दौलताबाद परिसरात नावाजलेली द्राक्षे. थॉमसन आणि तिच्यातून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका या जातींनी बाजार व्यापल्यावर ती शेतांतून गेली. जातिसंग्रहातल्या वेली हा त्यांचा मुख्य आधार, आणि उभी वेल गारपिटीत, रोगात, पाणी तुटल्यावर जाऊ शकते. अमेरिकेत कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्स इथे सफरचंदाच्या जातींची दुसरी प्रत सुप्त डोळ्यांच्या रूपाने द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवतात. काडीचे तुकडे आधी पंचवीस-तीस टक्के ओलाव्यापर्यंत सुकवतात, तासाला एक अंश अशा संथ गतीने उणे ३० पर्यंत उतरवतात आणि मग खोल थंडीत सोडतात. जपानमध्ये अकिरा साकाई यांनी तुतीच्या हिवाळी काड्यांवर १९५० च्या दशकात याची वाट दाखवली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन केंद्रात तुतीचे सुप्त डोळे याच रीतीने राखलेले आहेत. जागत्या वेलीच्या डोळ्याला हा रस्ता बंद आहे. पण भोकरीच्या काही वेली हिमाचल किंवा काश्मीरच्या थंडीत लावून, तिथे पाने झडू देऊन, झोपलेली काडी घेता येईल. ती शीतगृहात एका हिवाळ्यापासून पुढच्या लागवडीपर्यंत टिकेल, ५० अंशांच्या पाण्याने फायटोप्लाझ्मापासून मुक्त करता येईल आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी लावता येईल. त्यासाठी नवे शास्त्र लागणार नाही. काही वेली, दोन हिवाळे आणि एका थंड खोलीतला एक फळीभर कोपरा एवढे लागेल.